आल्प्समधल्या नदीखोऱ्यातून सायकल टूर: ११ वर्षांच्या मुलीसोबत कुठला मार्ग घ्यावा?

इसारकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही म्युनिकला राहतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, लेकीची शाळा सुरू व्हायच्या आधी, सायकलवर सामान लादून आठवडाभराची टूर करायचं चाललंय. आम्ही दोघं, मुलगी (वय ११) आणि पुण्याहून येणारा माझा मेव्हणा. मुलगी दिवसाला ४० किमी आरामात करते, पण ते इसार नदीच्या काठाने, म्हणजे जवळजवळ सपाट. मेव्हणा बीआरएमवाला आहे, २००-३०० किमीच्या राइड करतो आणि त्याला आल्प्समध्ये येऊन एकही घाट न चढता परत जायचं नाहीये, हे त्याने फोनवर तीन वेळा सांगून झालंय. बायको शाकाहारी, अंडं चालतं.

नदीच्या खोऱ्यातूनच जायचं हे नक्की, कारण डोंगर बघायचेत पण रोज चढायचे नाहीत. इन नदी, ड्राऊ, स्वित्झर्लंडमधली रोन आणि इटलीतल्या दक्षिण टिरोलमधली आदिजे, ज्याला तिकडे एत्श पण म्हणतात, अशी चार नावं काढलीत. नकाशावर चारही सारख्याच छान दिसतात. प्रश्न असे की गाड्यांच्या रस्त्यावरून किती जावं लागतं, सायकली ट्रेनमध्ये चढवायचं कसं जमतं, जेवणाचं काय आणि कुठून कुठे जावं, म्हणजे उतार मिळेल. कोणी केलं असेल तर मनापासून लिहा, टुरिझमच्या साइटवर सगळंच "फॅमिली फ्रेंडली" असतं.

कार्वेंडेल

मुलगी बरोबर आहे तर डोळे झाकून ड्राऊ. टोब्लाख ते लिएन्झ साधारण ४५ किमी, १२०० मीटरवरून पावणेसातशे मीटरपर्यंत उतार, जवळजवळ सगळा वेगळा सायकल ट्रॅक. टोब्लाखला एक मजा आहे, तिथे पाणलोटाची रेघ आहे पण डोळ्याला ती दिसतसुद्धा नाही, सपाट माळच आहे. एका बाजूचं पाणी रिएन्झ नदीतून आदिजेला मिळून एड्रिआटिक समुद्रात जातं आणि दुसऱ्या बाजूचं ड्राऊतून डॅन्यूबला मिळून थेट काळ्या समुद्रात. वाटेत हाइनफेल्सला लोआकरचा वेफरचा कारखाना आहे, मुलं तिथून हलत नाहीत. लिएन्झहून ट्रेनने परत. पुढे श्पिटाल, फिलाख असं करत आठवडा सहज जातो.

फक्त जुलै-ऑगस्टमध्ये त्या पहिल्या ४५ किमीवर भयंकर गर्दी असते, भाड्याच्या सायकलींचे जथेच्या जथे. सप्टेंबरमध्ये बरीच कमी.

चाकावरती

ड्राऊ चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही चौघं ज्या प्रकारचे आहात (एक लहान, एक घाटवेडा, एक शाकाहारी) त्यासाठी मी आदिजेच म्हणेन. रेशन खिंडीतून सुरू करून खाली त्रेन्तो किंवा रोव्हेरेतोपर्यंत. सविस्तर लिहितो, कारण या खोऱ्यावर माझं फार प्रेम आहे.

आधी बाकीच्या दोघींचं पटकन. इनचा मालोयापासून पासाऊपर्यंतचा पूर्ण मार्ग ५०० किमीच्या वर आहे, एंगाडीनचा, म्हणजे वरच्या स्विस खोऱ्याचा भाग देखणा आहे पण स्विस दर, आणि खालच्या एंगाडीनमध्ये सारखी चढउतार आहे जी मुलीला दमवेल. इन्सब्रुकच्या आजूबाजूला ट्रॅक सपाट पण ऑटोबानचा आवाज कानात सतत. रोन ओबरवाल्डपासून मार्तिन्यीपर्यंत छान आहे, पण तिथे दुपारी खोऱ्यात खालून वर असा वारा सुटतो की मार्तिन्यीच्या बाजूला झाडंच वाकलेली आहेत, आणि तुम्ही नेमके त्या वाऱ्याच्या तोंडी उतरणार.

आता आदिजे. रेशन खिंड १५०० मीटरच्या थोडी वर, मेरानो ३२५ मीटरच्या आसपास. मधे सुमारे ८० किमी. म्हणजे बाराशे मीटर उतार आणि तोही पसरलेला, एका दमात नाही. नदी खिंडीपाशीच उगम पावते आणि तुम्ही तिच्याबरोबर मोठे होत जाता, सुरुवातीला उडी मारून ओलांडता येईल एवढी आणि व्हेरोनाला पोचेपर्यंत इटलीतली दोन नंबरची लांब नदी. सुरुवातीलाच रेशनचं तळं लागतं, पाण्यातून नुसता चर्चचा मनोरा वर आलेला. फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो, पण गोष्ट कमी लोकांना माहीत असते. वीज प्रकल्पासाठी १९५० मध्ये ग्राउन हे गाव पाण्याखाली घातलं, घरं पाडली, मनोरा चौदाव्या शतकातला म्हणून तेवढा ठेवला. आपल्याकडे धरणात गाव गेलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांना तिथे उभं राहिल्यावर फोटो काढायची घाई होत नाही. मुलीला तिथे थांबून नीट सांगा.

तळ्याच्या पश्चिमेच्या काठाने ट्रॅक आहे, मग हाइडरझे नावाचं छोटं तळं, मग माल्सचा मोठा उघडा उतार. समोर ऑर्टलर, ३९०५ मीटर, बर्फासकट. बुर्गआइस गावाच्या वर मारिएनबेर्गचा पांढरा मठ दिसतो. मग ग्लुर्न्स. तटबंदी पूर्ण शाबूत असलेलं इवलंसं गाव आहे, वस्ती हजाराच्या आत, पहिला मुक्काम तिथेच करा. पुढे लास, जिथलं संगमरवर प्रसिद्ध आहे, श्लांडर्स, लाट्श, नाटुर्न्स असं करत मेरानो.

या वरच्या खोऱ्याचं नाव फिन्शगाऊ. चहूबाजूंनी उंच डोंगर असल्यामुळे पाऊस अडतो आणि खाली वर्षाला जेमतेम ५०० मिमी पडतो, आपल्या माणदेशासारखीच पर्जन्यछाया. फरक इतकाच की वर हिमनद्या आहेत, त्यामुळे लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगराच्या कडेने पाट काढून पाणी खाली आणलं आणि आज तळात नजर जाईल तिथे सफरचंदाच्या बागा आहेत. सप्टेंबरमध्ये तोडणी चालू असते, ट्रॅक बागांमधूनच जातो, मोठमोठ्या पेट्या भरलेले ट्रॅक्टर आडवे येतात. त्यांना वाट द्यायची, तो त्यांच्या वर्षाच्या कमाईचा महिना आहे. आणि ट्रॅकच्या बाजूला हाताला लागणारी सफरचंदं तोडायची नाहीत, जागोजागी शेतकऱ्यांचे छोटे स्टॉल असतात, तिथून घ्या.

इसारकाठ

चाकावरती, एवढं सविस्तर लिहिलंत, फार आभार. वाचूनच निम्मं ठरल्यासारखं झालंय. दोन शंका. रेशनपर्यंत वर जायचं कसं? मुलगी तेवढं चढणार नाही. आणि रोनच्या वाऱ्याचं लिहिलंत, मग आदिजेला वारा नाही का?

चाकावरती

वारा आहे, आणि सगळं त्याच्यावरच आहे. खोऱ्यातल्या टूरचं प्लॅनिंग लोक किलोमीटर आणि चढाई बघून करतात, पण माझ्या मते आधी घड्याळ बघावं.

कारण असं की सकाळी ऊन डोंगरउतारांवर पडतं, तिथली हवा तापून वर जायला लागते आणि तिची जागा भरायला मैदानाकडची हवा खोऱ्यातून वर ओढली जाते, त्यामुळे दुपारी वारा खालून वर. रात्री उलटं, थंड हवा डोंगरावरून उतरून खाली वाहते. बोल्झानोच्या खाली हे अगदी नियमाने घडतं. गार्डा तळ्यावरून जो दुपारचा दक्षिणेचा वारा येतो त्याला तिकडे "ओरा" म्हणतात, तो थेट त्रेन्तोपर्यंत पोचतो. तुम्ही दक्षिणेकडे जाणार, म्हणजे स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी एकनंतर तो छातीवर घ्यावा लागतो. सपाट रस्त्यावर, भरलेल्या पॅनियरसकट (कॅरिअरला लावायच्या पिशव्या), ११ वर्षांच्या मुलीला ताशी १० किमीसुद्धा निघत नाहीत. याउलट सकाळी साडेसातला निघालात तर पाठीवर हलका वारा, तेच ४० किमी साडेअकरापर्यंत उरकतात, मग दुपार पोहायला नाहीतर गाव बघायला मोकळी. म्हणून बोल्झानोच्या खाली हॉटेलवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं की नाश्ता लवकर पाहिजे किंवा बांधून द्या.

वर फिन्शगाऊमध्ये प्रकार वेगळा आहे. तिथे बऱ्याचदा रेशनकडून जोरदार कोरडा वारा खाली येतो, माल्सच्या माळावर झाडं त्या दिशेने कललेली दिसतील. तो तुमच्या पाठीवर. म्हणूनच वरून खाली जायचं, उलट दिशेने जाणाऱ्यांचे चेहरे बघा म्हणजे कळेल.

आता वर कसं जायचं. म्युनिकहून गार्मिश, मिटेनवाल्डमार्गे इन्सब्रुक, तिथून लांडेक, हे सगळं रिजनल ट्रेनने होतं, सायकलीचं वेगळं तिकीट. लांडेकहून नाउडर्स-रेशनकडे बस जाते आणि उन्हाळ्यात सायकली नेण्याची सोय असते, पण जागा मोजक्या, आधी विचारून ठेवा. व्हिया क्लाउडिया ऑगस्टा हा जुन्या रोमन रस्त्यावरचा सायकल मार्ग इथूनच जातो, त्यामुळे खास सायकलवाल्यांसाठी शटलही असतात. दुसरा पर्याय म्हणजे ब्रेनरमार्गे बोल्झानो, मेरानो आणि तिथून माल्सपर्यंतची छोटी रेल्वे. १९०६ ची लाइन, १९९० मध्ये बंद पडली होती, २००५ मध्ये परत सुरू केली आणि आता त्या खोऱ्याचा जीव आहे. फक्त विद्युतीकरणाच्या कामामुळे तिचे तुकडे वेळोवेळी बंद राहिलेत, अशा वेळी बदली बस असते आणि तिच्यात सायकल घेतीलच असं नाही, निघायच्या आधी वेळापत्रक बघाच.

मेव्हण्यासाठी: बाकीचे बसमध्ये बसले की त्याने लांडेकहून सायकलवर निघायचं. इनच्या काठाने फुंड्स, मग स्वित्झर्लंडच्या हद्दीतलं मार्टिना, तिथून नॉर्बर्ट्सह्योएची वळणं. १०३५ मीटरवरून १४०५ मीटर, चढ एकसारखा, गाड्या कमी. त्याने नाउडर्सकडे जाणारा गाड्यांचा मुख्य हायवे मात्र अजिबात घ्यायचा नाही, बोगदे नि गॅलऱ्या आहेत आणि ट्रक अंगावर येतात.

घाटवाट_पुणे

बीआरएमवाला मेव्हणा आहे आणि अजून कोणी श्टेल्व्हिओचं नाव काढलं नाही!

ग्लुर्न्सच्या शेजारीच प्राड आहे. प्राडहून श्टेल्व्हिओ खिंड सुमारे २५ किमी, ९१५ मीटरवरून २७५७ मीटरवर, ४८ हेअरपिन वळणं, प्रत्येकाला नंबर लावलेला आणि ते वर जाताना उलटे उतरत जातात. १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात कार्लो दोनेगानी या इंजिनिअरने बांधलेला रस्ता. ग्लुर्न्सला दोन रात्री राहा, त्या मधल्या दिवशी मेव्हणा पहाटे निघेल, तुम्ही तिघं तटबंदीवर फिरा, तळ्यावर जा. सामान सगळं खोलीत ठेवून हलक्या सायकलने जायचं. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एक शनिवार हा रस्ता सायकलींसाठी गाड्यांना बंद ठेवतात, तारीख जुळली तर सोनं.

त्याला सांगा की सिंहगडावर केलेली प्रॅक्टिस पायांना पुरेल, पण गिअरिंग बघ. मागे ३४ दाती तरी असू दे. चढ सात-आठ टक्क्यांचा आहे, भीतीदायक नाही, पण संपत नाही. आणि चढताना घामाने भिजलेला माणूस वर गेल्यावर पाच मिनिटांत काकडतो, उतरताना तर बोटं ब्रेकवर वळत नाहीत. पूर्ण बोटांचे हातमोजे, विंडचीटर आणि एक कोरडा बनियन खिशात पाहिजेच. सप्टेंबरमध्ये वर बर्फ पडू शकतो, त्यामुळे आदल्या रात्री हवामान बघून ठरवायचं, हट्ट नाही.

मृण्मयी_नेकार

मी श्टुटगार्टहून, मुलाबरोबर हाच मार्ग केलाय, तो तेव्हा साधारण तुमच्या मुलीएवढाच होता. घाटाचं काही सांगता येणार नाही, मुलांचं आणि पोटाचं सांगते.

सगळ्यात आधी ब्रेक. उतार पसरलेला आहे हे खरं, पण दोन ठिकाणी तो एकदम खाली जातो, एक बुर्गआइसच्या आधी आणि दुसरा मेरानोच्या अलीकडे त्योलला. त्योलला ट्रॅक नदीचा बांध सोडून वळणावळणाने खाली उतरतो, बाजूला भिंत, समोरून वर येणारे ई-बाइकवाले. मुलं तिथे ब्रेक दाबून धरतात, हात दुखायला लागले की मग घाबरतात. आम्ही वर थांबून मुलाला दाखवलं की सोडायचं, दाबायचं, परत सोडायचं, प्रत्येक वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. शिवाय मधे एका वळणावर मुद्दाम थांबून पाणी प्यायलो. निघायच्या आधी तिच्या सायकलचे ब्रेक पॅड बदलूनच घ्या, आणि तिच्या कॅरिअरवर काही वजन नको, फार तर तिचा रेनकोट.

जेवण: दक्षिण टिरोल पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियात होतं, त्यामुळे जेवण दोन्हीकडचं मिळतं आणि शाकाहारी माणसाची चांगली सोय होते. श्लुत्सक्रापफन घ्या, पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेले अर्धचंद्राकृती पास्ते, वरून बटर. क्न्योडेल घेताना नीट विचारा, साध्यात बहुतेक वेळा श्पेक म्हणजे डुकराचं मांस असतं, पालकाचे किंवा चीजचे वेगळे मिळतात पण कधीकधी त्यावरही श्पेक भुरभुरतात, म्हणून "ओने श्पेक" (श्पेकशिवाय) आधीच सांगायचं. राईची जुळी भाकरी मिळते, फिन्शगाऊचीच खासियत, तिच्यात मेथीच्या जातीचा मसाला असतो, ती आणि तिथलं डोंगरी चीज घेतलं की दुपारचं झालं. मोठी अडचण वेळेची आहे. लहान गावांत दुपारी दोननंतर किचन बंद, संध्याकाळी सहापर्यंत गरम काही नाही, दुकानंही दुपारची बंद आणि रविवारी पूर्ण. मुलं नेमकी चार वाजता भुकेजतात. मी हँडलबारच्या पिशवीत दाण्याचे लाडू आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा ठेवायचे, चिवडा डब्यातच, पिशवीत त्याचा भुगा होतो.

प्यायच्या पाण्याची काळजी नको, गावोगावी दगडी कुंड्या आहेत, गार पाणी सतत वाहतं.

राहायला शेतावरची घरं बघा, स्वयंपाकघर असलेली. आणि बुकिंग करताना विचारा की पाहुण्यांचा प्रवासी पास देतात का, त्यावर तिथल्या बस-ट्रेन फुकट असतात. सायकलीचं तिकीट मात्र त्यात धरत नाहीत.

एक वेगळी गोष्ट. बोल्झानोला त्या बर्फातल्या माणसाचं, ओत्सीचं, संग्रहालय आहे, पाच हजार वर्षांपूर्वीचा, १९९१ मध्ये सापडलेला. तो जिथे सापडला ती श्नाल्स दरी नाटुर्न्सच्या अलीकडेच आपल्या खोऱ्याला येऊन मिळते, ट्रॅकवरून तिचं तोंड दिसतं. आम्ही आधी ते दाखवलं आणि दोन दिवसांनी संग्रहालयात नेलं. मुलगा त्याच्या गवत भरलेल्या चामडी बुटांसमोरून हलायला तयार नव्हता, एवढ्या उंचावर हे घालून चालला म्हणे. तिकीट ऑनलाइन घ्या, रांग मोठी असते.

कार्वेंडेल

ठीक आहे, ड्राऊ पुढच्या वर्षी :) मी माझं मत मागे घेत नाही, पण एका मेव्हण्याला श्टेल्व्हिओ आणि मुलीला सफरचंदं, दोन्ही एका खोऱ्यात मिळत असतील तर माझ्याकडे उत्तर नाही.

एक भर घालतो. बोल्झानोहून त्रेन्तो सुमारे ६५ किमी आहे, ते एका दिवसात मुलीसाठी जास्त, मधे नॉयमार्क्ट किंवा सालुर्नला मुक्काम करा. सालुर्नला खोरं चिंचोळं होतं आणि तिथपर्यंत पाट्या जर्मन-इटालियन दोन्ही, पुढे फक्त इटालियन. त्रेन्तो प्रांतात ट्रॅकवर "बिचीग्रिल" नावाचे सायकलवाल्यांचे कॅफे आहेत, पंप, सावली, सँडविच सगळं. इटलीत गावाबाहेर अंधारात आणि बोगद्यात सायकलवाल्याला रिफ्लेक्टिव्ह जॅकेट कायद्याने लागतं, मेव्हण्याकडे बीआरएमचं असेलच, बाकीच्यांची घ्या.

इसारकाठ

ठरलं. आदिजे. काल रात्री मेव्हण्याला धागा पाठवला, त्याने श्टेल्व्हिओपर्यंतच वाचलं आणि मागच्या गिअरची कॅसेट बदलायला दुकानात गेलासुद्धा. लेकीला ग्राउनची गोष्ट सांगितली, तिने लगेच विचारलं की मग ती माणसं कुठे गेली, त्यावर आता वाचून ठेवतो.

ढोबळ आखणी अशी: लांडेकहून बसने रेशन, ग्लुर्न्सला दोन रात्री, मग नाटुर्न्स, बोल्झानो, सालुर्न, त्रेन्तो. एक दिवस हातात उरतोय. रोव्हेरेतोहून गार्डा तळ्यावर जाऊन यावं का, की मुलीला जड जाईल? आणि परत म्युनिकला थेट गाडी मिळेल का?

चाकावरती

जरूर जा. रोव्हेरेतोजवळ मोरी आहे, तिथून लोप्पिओमार्गे तोर्बोलेपर्यंत चांगला ट्रॅक आहे. जाताना चढ अगदी थोडा, सान जोव्हानी खिंड २८७ मीटरची, मग नागोपाशी अचानक खाली निळंशार तळं. येताना मात्र तोर्बोले ते नागो चढ खरंच तीव्र आहे, तळं ६५ मीटरवर आहे, म्हणजे खिंडीपर्यंत सव्वादोनशे मीटर. मुलीने तेवढा तुकडा सायकल हातात धरून चालत चढला तरी चालेल, बरेच जण तेच करतात. सकाळी लवकर जा, तळ्यात पोहा, जेवा आणि दुपारी दोन-अडीचला परत निघा. यावेळी ओरा तुमच्या पाठीवर असेल.

परतीला व्हेरोना-म्युनिक थेट गाडी रोव्हेरेतोला थांबते, त्रेन्तो आणि बोल्झानोलाही. सायकलींना रिझर्व्हेशन सक्तीचं आणि जागा फार थोड्या, तुम्हाला चार लागणार, तेव्हा बुकिंग उघडलं की त्याच दिवशी करा, आधी सायकलींच्या जागा बघून मग राहण्याच्या तारखा पक्क्या करा. चार एकत्र नाहीच मिळाल्या तर रिजनल गाड्यांनी ब्रेनर, इन्सब्रुक, कुफ्श्टाइन असं बदलत बदलत येता येतं. वेळ जास्त लागतो, पण रिझर्व्हेशनची भानगड नाही. फक्त रविवारी संध्याकाळी नको, त्या गाड्यांमध्ये सायकलींना उभं राहायला जागा नसते.